चाड्यावरची मूठ
गावाकडची पत्र्याची ट्रंक या उन्हाळ्यात उघडली, तेव्हा सगळ्यात वर निघाला आजोबांचा फोटो. डोक्याला पटका, शेजारी झूल पांघरलेली खिल्लारी जोडी. पोळ्याचा दिवस असणार. आजी फोटोत नाही. कडेला कासरा धरलेला, बांगड्यांनी भरलेला हात तेवढा दिसतो. फोटोखाली सुतळीने बांधलेल्या खंडाच्या पावत्या होत्या, त्या १९५७ पाशी थांबतात. त्या वर्षीच्या १ एप्रिलला कुळकायद्याने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानलं. नवे पैसेही त्याच दिवशी चलनात आले, म्हणजे आण्यांचा हिशेब आणि आमच्या घरचा खंड एकदमच सुटायला लागले. मालकी फुकट मिळाली नव्हती. जमिनीची किंमत हप्त्याहप्त्याने फेडल्याच्या चिठ्ठ्याही आजोबांनी जिवापाड जपल्यात. आणि अगदी तळाशी, धडुत्यात गुंडाळलेलं पाभरीचं चाडं. बाभळीचं, आतून गुळगुळीत झालेलं. चाड्यावर मूठ आजीची असायची. बैलांच्या चालीशी पाऊल जुळवत ती दाणे सोडायची. मूठ जरा अडखळली की पीक विरळ उगवायचं आणि वर्षभर डोळ्यांना खुपायचं. एवढं करून सातबाऱ्यावर तिचं नाव कधी लागलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. चाड्याच्या काठावर एका जागी लाकूड झिजून खळगा पडलाय. मी तिथे अंगठा ठेवून पाहिला. बरोबर बसला.