संकल्पात उच्चारलेले एक नाव

कोणत्याही पूजेस बसलो की आपण हातावर पाणी घेतो आणि गुरुजी संकल्प सांगू लागतात. कल्प, मन्वंतर, कलियुग, गोदावरीचा तीर, शालिवाहन शक अशी देशकालाची गणना चालू असता मध्येच ‘बौद्धावतारे’ हा शब्द येतो आणि निघून जातो. सत्यनारायण असो वा वास्तुशांत, आपण बुद्धाच्या अवतारकाळात राहतो, असे आपण देवासमोर पाणी सोडून सांगत असतो. दशावताराच्या जुन्या चित्रांत नवव्या स्थानी आपल्या पूर्वजांनी विठ्ठल उभा केला. संतांनीही विठोबास बुद्धरूपाने पाहिले. नाव असे मुखी आहे. पण शिकवण घरात कितीशी आहे? आज वैशाखी पौर्णिमेस हा प्रश्न आपण स्वतःस विचारावा, असे आम्हांस वाटते.

आजच्या नेपाळातील लुंबिनी येथे शाक्यकुळात सिद्धार्थ जन्मास आले. सातव्या दिवशी माता मायादेवी निवर्तल्या, आणि मावशी महाप्रजापती गौतमीने त्यांस वाढविले. वयाच्या २९ व्या वर्षी त्यांनी गृहत्याग केला. आळार कालाम व उद्दक रामपुत्त यांजकडे ते ध्यान शिकले. पुढे उग्र तपाने देह झिजविला. भोगाने शांती नाही, तशीच देहदंडानेही नाही, हे उमजल्यावर सुजातेने दिलेली खीर त्यांनी ग्रहण केली आणि गयेजवळ पिंपळातळी त्यांस बोध झाला. पिंपळास आपल्या घरातील माउली आजही भक्तिभावाने पाणी घालते.

सारनाथी पाच तपस्व्यांस त्यांनी पहिला उपदेश केला. दुःख आहे, त्याचे मूळ तृष्णेत आहे, ते निवारता येते, आणि त्याचा मार्ग अष्टांगिक आहे. या आठ अंगांतील दुसरे अंग कोणते? सम्यक संकल्प! विषयवासनेचा त्याग, कोणाविषयी वैर न धरणे आणि कोणास पीडा न देणे, एवढाच त्याचा अर्थ. आपला संकल्प ताम्हनात पाणी सोडताच पुरा होतो. बुद्धांचा संकल्प मात्र पूजेवरून उठल्यावर सुरू होतो.

तो त्यांनी आचरूनही दाखविला. शाक्य राजपुत्र संघात येऊ लागले, तेव्हा त्यांचा नापित उपाली यास आधी दीक्षा दिली गेली. कारण कुळाचा अभिमान गळावा म्हणून राजपुत्रांनीच त्यास प्रथम वंदन करावयाचे होते. आजारी पडलेल्या एका भिक्षूकडे कोणी पाहीना, तेव्हा बुद्धांनी स्वतः त्यास स्नान घातले, आणि ज्यास माझी सेवा करावयाची असेल त्याने रुग्णाची सेवा करावी, असे संघास बजाविले. ४५ वर्षे गावोगाव हिंडून ८० व्या वर्षी कुशीनगर येथे त्यांनी देह ठेवला.

कलिंगातील संहाराने व्यथित झालेल्या अशोकाने हा धर्म दूरवर पोहोचविला. महेंद्र व संघमित्रा सिंहलद्वीपी गेली. पुढे भिक्षूंच्या आणि व्यापाऱ्यांच्या वाटांनी तो चीन, कोरिया, जपान, तिबेटपर्यंत गेला. आपल्या सोपाऱ्यास अशोकाचा शिलालेख सापडला आहे. कार्ले, कान्हेरी, अजिंठा येथील लेणी तर आपल्याच भूमीत कोरलेली. कार्ल्याच्या खांबांवर दाते म्हणून यवनांचीही नावे आहेत. म्हणजे हा धर्म आपणांस परका कधीच नव्हता.

तरीही एक कटू सत्य सांगितले पाहिजे. बुद्धांस अवतार म्हणताना आपल्याच पुराणपरंपरेने, असुरांस मोहात पाडण्यासाठी तो अवतार होता, असेही म्हटले. नाव देव्हाऱ्यात घेतले आणि उपदेश उंबऱ्याबाहेर ठेवला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि लक्षावधी अनुयायांस २२ प्रतिज्ञा दिल्या. बुद्धांस विष्णूचा अवतार न मानणे ही त्यांतीलच एक. ती ऐकून आपल्यापैकी अनेकांच्या मनास लागते. पण ज्यांस आपण पाणवठ्यावर पाणी दिले नाही, मंदिराच्या पायरीवर उभे केले नाही, त्यांनी आपल्या अवताराची थोरवी का मानावी? रागावण्याआधी आपण याचे उत्तर आपल्या मनाशी द्यावे. उपालीस आधी वंदन करविणाऱ्याचे नाव आपण पिढ्यान्पिढ्या घेत आलो, आणि वागलो मात्र नेमके उलट.

ऐकणे अशक्य नव्हते. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धवचनाच्या ओढीने घर सोडून निघाले, सिंहलद्वीपी जाऊन पाली शिकले आणि ते ज्ञान त्यांनी मराठीत आणले. आपणांस घर सोडावयास नको. पुढच्या पूजेस हातावर पाणी घेऊन ‘बौद्धावतारे’ हा शब्द ऐकू येईल, तेव्हा क्षणभर थांबावे. आपल्या दारी कष्ट करणाऱ्यास आपण कोणत्या पेल्यातून पाणी देतो, हे आठवावे. आणि मगच ताम्हनात पाणी सोडावे.