संस्कार केवळ मुलींवरच?

स्त्रीवादाचा विषय निघाला की आपल्या घरांतून एक ठरलेले उत्तर येते : वात्सल्य, सेवा, सोशिकता हे स्त्रीचे निसर्गदत्त गुण, ते समाजाने घडवले म्हणणे हे पाश्चात्त्य खूळ! सिमोन द बोव्हारने १९४९ मध्ये हा विचार ग्रंथरूपाने मांडला, हे खरे. पण गुण घडवावे लागतात हे आपण फ्रान्सकडून शिकायचे? सोळा संस्कार सांगणारी परंपरा वेगळे काय सांगते?

चूक स्त्रीवाद्यांकडूनही होते. जे घडवलेले ते बेडीच, असे त्यांच्यातील अनेकजण गृहीत धरतात. घरही घडवलेलेच असते. म्हणून ते तुरुंग ठरत नाही.

या दोन्ही टोकांना उत्तर देणारे चरित्र कल्याणचेच आहे. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली यमुना पुढे डॉ. आनंदीबाई जोशी झाली. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा अवघ्या दहा दिवसांत दगावला. ते दुःख उराशी धरून ती १८८३ मध्ये अमेरिकेला गेली आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवीधर झाली. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. मातृत्व तिची बेडी झाले नाही. तेच तिचे बळ झाले. मात्र पती गोपाळरावांनी तिला हट्टाने शिकवले तसे मारलेही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी ती गेली. तिच्या सोशिकतेचे गोडवे गाताना, ती सोसायची वेळ आणणाऱ्या क्रोधाबद्दल आपण गप्प का?

आज संध्याकाळच्या कल्याण लोकलमधील महिलांचा डबा पाहावा. कचेरीतून परतणाऱ्या भगिनी मांडीवर पिशवी घेऊन भाजी निवडत असतात. शेजारच्या डब्यात पत्त्यांचा डाव रंगलेला असतो. दिवसभर राबलेले दोघेही! मग घराची काळजी वाहण्याचा गुण निसर्गाने एकाच डब्यात ठेवला काय?

ज्ञानेश्वरांना आपण ‘माउली’ म्हणतो. वात्सल्य ही बायकांची मिरास नव्हे, हे महाराष्ट्राने सातशे वर्षांपूर्वीच जाणले होते. तेव्हा हे गुण मुलींकडून काढून घेऊ नयेत. ते मुलांनाही द्यावेत. मुलीला ‘सासरी काय म्हणतील?’ असे बजावणाऱ्या घराने मुलाच्या हाती केरसुणी द्यावी, आजारी आजीच्या उशाशी त्यालाही बसवावे. संस्कारांवर आपली श्रद्धा खरी असेल, तर निम्म्या घराला त्यांतून सूट कशी मिळेल?