वृद्धांच्या शुश्रूषेत नातवंडांचे स्थान

अखाजीला खानदेशात घरोघरी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरली जाते. वैशाख शुद्ध तृतीयेचा हा सण ऐन उन्हाळ्यात येतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दिवंगतांच्या तृषेची इतकी आस्था बाळगणाऱ्या आपल्या घरांत, ओसरीवर बसलेल्या आजीच्या तांब्यात पाणी आहे की नाही आणि असल्यास ते तिच्या पोटात जाते की नाही, याकडे मात्र नेमके लक्ष कोणाचेच नसते. हे काम नातवंडांकडे द्यावे आणि ते वैद्याने स्वतः नेमून द्यावे, असे आमचे मत आहे.

हे मत ग्रंथ वाचून झालेले नाही. काही वर्षांपूर्वी धुळे जिल्ह्यातील एका गावातून पंचाहत्तरीच्या एका आजींना आमच्याकडे आणले होते. संधिवाताचा जुना त्रास, त्यात आता ग्लानी, मलावष्टंभ, मूत्राल्पता आणि बोलण्यात असंबद्धता. पाणी किती पितात, असे विचारता मुलाने "भरपूर" असे उत्तर दिले. दाराशी पाचवीतला नातू उभा होता. मुलांनी बाहेर थांबावे, असा आमच्या चिकित्सालयाचा त्या वेळी शिरस्ता होता. तो आतच न येता म्हणाला, "आजी तांब्या तुळशीत ओतते." रात्री उठून मोरीपर्यंत जाताना गुडघे दुखतात, म्हणून आजी दिवसभर पाणीच टाळत होत्या. घरातील कर्त्या माणसांना जे दिसले नाही, ते त्या मुलाने रोज पाहिले होते. आजींना तातडीने रुग्णालयात पाठविले, त्या बऱ्या झाल्या; परंतु निदानाचा धागा आम्ही दाराबाहेर उभा केला होता, ही खंत राहिली.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थात्याचे गुणही चार: उपचारज्ञता, दक्षता, अनुराग आणि शौच. आपण पहिल्या दोन पादांवर परिषदा भरवितो, तिसऱ्याविषयी क्वचितच बोलतो. मुलगा सुरत, नाशिक वा पुण्यास, सून कपाशीच्या शेतात किंवा नोकरीवर, अशी आज अनेक घरांची स्थिती आहे. दुपारी घरी उरतात ते आजी-आजोबा आणि शाळेतून आलेले मूल. या मुलाच्या ठायी अनुराग उपजतच असतो. शौच आणि दक्षता शिकविता येतात. उपचारज्ञता मात्र त्याच्यापाशी नसते व ती त्याच्याकडून अपेक्षूही नये. कामाची मर्यादा येथेच ठरते.

आम्ही आता मुलाला आत बोलावतो आणि त्याच्या वयाला झेपेल असे एकच काम देतो. दर दोन तासांनी पाणी किंवा ताक देणे आणि प्रत्येक पेल्याची खूण भिंतीवरील कॅलेंडरवर करणे, हे त्यातील पहिले. (ज्या हृदय वा वृक्करुग्णांना जलपानाची मर्यादा आहे, त्यांच्यासाठी प्रमाण अर्थातच वैद्याने ठरवावे.) दुसरे काम पादाभ्यंगाचे. वाग्भटांनी शिर, कर्ण आणि पाद या तीन ठिकाणी अभ्यंग विशेषत्वाने सांगितला आहे. वार्धक्यातील वातप्राधान्य पाहता रात्री कोमट तिळतेल पायाला चोळणे हे सुखकर आणि सोपे कर्म आहे. मात्र तळवे पुसल्याखेरीज आजोबांना उठू देऊ नये, हे मुलाला बजावून सांगावे. तेलकट पायांनी फरशीवर घसरून खुब्याचे हाड मोडले, तर सारे श्रम व्यर्थ जातील. मधुमेही रुग्णाच्या पायाला जखम वा फोड दिसल्यास हात न लावता मोठ्यांना सांगावे, हेही शिकवावे.

पाय चोळणारे मूल ऐकतेही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. पुत्र सोपानदेव आणि नात्यातील पितांबर चौधरी यांनी त्यांची गाणी ऐकून टिपून ठेवली, म्हणून १९५२ साली ती ग्रंथरूपाने महाराष्ट्रापुढे आली. प्रत्येक घरात बहिणाबाई नसते. परंतु सांगण्यासारखे काही प्रत्येक वृद्धापाशी असते आणि ऐकणारा मिळाला की तो वृद्ध दोन घास अधिक जेवतो, हा आमचा अनुभव आहे.

येथे आमची एक चूक नमूद करणे आवश्यक वाटते. पक्षाघात झालेल्या आजोबांसोबत नववीतील एक नात दर खेपेस येई. आजोबांना कुशीवर वळविणे, भरविणे, कपडे बदलणे, सारे तीच करी. "फार गुणी मुलगी" असे आम्ही तिच्या वडिलांसमोर वारंवार म्हटले. तिची शाळा सुटली आहे, हे आम्हाला सहा महिन्यांनी कळले. आम्ही केलेल्या कौतुकाने त्या घराला एक सोयीची पळवाट मिळाली होती. तिचा भाऊ त्याच घरात होता आणि त्याच्याविषयी आम्ही एकदाही विचारले नव्हते.

म्हणून आमचा आग्रह असा की, मुलाचा सहभाग असावा, भार नसावा. जड रुग्णाला उचलणे, मलमूत्राची स्वच्छता, रात्रीचे जागरण आणि औषधाची मात्रा ठरविणे ही कामे प्रौढांचीच. शाळा आणि खेळ यांना धक्का लागता कामा नये. काम सांगताना नातू आणि नात यांत भेद नसावा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांसंबंधीच्या कायद्याने निर्वाहाची जबाबदारी ठरविताना सज्ञान नातवंडांचा समावेश केला आहे, अज्ञान मुलांना मात्र वगळले आहे. हा विवेक आपणही पाळावा.

औषध विक्रेत्या बंधूंचा वाटा येथे मोठा आहे. चिठ्ठी घेऊन दुकानाच्या पायरीशी येते ते बहुधा मूलच. त्याच्या हाती पुडी देताना मात्रा, वेळ आणि अनुपान मोठ्या मराठी अक्षरांत लिहून द्यावे. रसौषधी वा गुग्गुळकल्प अशी औषधे मुलाच्या हाती न देता घरातील मोठ्या माणसास बोलावून द्यावीत. शक्य नसल्यास दूरध्वनीवरून त्यांच्याशी बोलून खात्री करावी.

पुढील रुग्ण आजोबा असतील आणि दाराशी मूल उभे असेल, तेव्हा वैद्यमित्रांनी त्याला आत बोलवावे आणि दोन प्रश्न विचारावेत. पहिला, आजोबा दिवसभर काय करतात? दुसरा, तू शाळेत जातोस ना? दोन्ही उत्तरे केसपेपरवर नोंदविण्यास जेमतेम एक मिनिट लागते.