घोटभर पाणी, हजारोंची पंगत

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका बसस्थानकावर लष्करी गणवेशातला एक कृष्णवर्णीय तरुण काठी टेकत उतरला. लढाईत जबर जखमी होऊन वर्षभराहून अधिक काळ त्यानं युरोपातल्या इस्पितळात काढला होता. आता तो घरी निघाला होता. तहान लागली म्हणून त्यानं समोरच्या नळाचं पाणी प्यायलं. तो नळ फक्त गोऱ्यांसाठी होता! जमावानं त्याला इतकं मारलं की तो मेला असंच साऱ्यांना वाटलं. प्रेत नेण्यासाठी गाडी बोलावली गेली. वाटेत त्याची नाडी मंद चालू असल्याचं लक्षात आलं, म्हणून तो वाचला.

हा तरुण म्हणजे होसिया विल्यम्स. पुढं नागरी हक्क चळवळीचे झुंजार नेते, धर्मोपदेशक आणि अटलांटा शहरातल्या भुकेल्यांचे आधारस्तंभ म्हणून ते ओळखले गेले.

५ जानेवारी १९२६ रोजी जॉर्जियातल्या अटापल्गस गावी जन्मलेल्या विल्यम्स यांना आजी-आजोबांनी वाढवलं. युद्धात ते जनरल पॅटन यांच्या हाताखालच्या, केवळ कृष्णवर्णीय जवानांच्या तुकडीत होते. तिथल्या जखमांबद्दल त्यांना ‘पर्पल हार्ट’ हे सन्मानपदक मिळालं. पण ज्यांच्यासाठी रक्त सांडलं, त्याच देशबांधवांनी घोटभर पाण्यासाठी जीव घ्यायला निघावं, हे शल्य त्यांना आयुष्यभर टोचत राहिलं.

परतल्यावर तेविसाव्या वर्षी त्यांनी शालेय शिक्षण पूर्ण केलं. मग रसायनशास्त्राच्या पदव्या मिळवल्या आणि सॅव्हाना शहरात केंद्रीय कृषी खात्यात ते संशोधक म्हणून रुजू झाले. पुढं ती सुखाची सरकारी नोकरी सोडून त्यांनी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीत उडी घेतली. गांधीजींच्या सत्याग्रहापासून प्रेरणा घेतलेल्या या लढ्यात त्यांना शंभराहून अधिक वेळा अटक झाली.

७ मार्च १९६५ रोजी मतदानाच्या हक्कासाठी सेल्मा गावातून सुमारे सहाशे जणांचा मोर्चा निघाला. अग्रभागी विल्यम्स आणि तरुण नेते जॉन लुईस होते. एडमंड पेटस पूल ओलांडताच पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधुराचा मारा केला. ती दृश्यं दूरचित्रवाणीवर पाहून सारा देश हादरला. त्याच वर्षी ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये डॉ. किंग यांची हत्या झाली, तेव्हाही विल्यम्स तिथंच होते.

नेता गेल्यावर अनेकांचं अवसान गळालं. विल्यम्स मात्र भुकेल्यांकडे वळले. सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्यांनी पत्नी जुआनिटा यांच्यासह अटलांटात बेघरांसाठी सणाचं जेवण सुरू केलं. अमेरिकेत नोव्हेंबरमधला ‘थँक्सगिव्हिंग’ म्हणजे कुटुंबानं एकत्र जेवायचा दिवस. ज्याला घरच नाही, त्याला तो दिवस सर्वांत जड जातो. शंभरेक माणसांच्या जेवणापासून सुरू झालेल्या या पंगतीत पुढं हजारो जण जेवू लागले. नाताळ, ईस्टर आणि डॉ. किंग यांच्या जयंतीलाही पानं मांडली जाऊ लागली. जेवणाबरोबर कपडे, केस कापण्याची सोय, डॉक्टरांची तपासणीही मिळू लागली. पोट भरावंच, पण माणसानं ताठ मानेनं परत जावं, हा त्यामागचा हेतू!

विल्यम्स राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले, नगरसेवक झाले. स्वभाव तापट, बोलणं रोखठोक. १९८० मध्ये रेगन यांना पाठिंबा देऊन त्यांनी जुन्या सहकाऱ्यांची नाराजीही ओढवून घेतली. मात्र डेनिमचा ओव्हरऑल आणि लाल शर्ट घालून गोरगरिबांत वावरणं त्यांनी सोडलं नाही.

१६ नोव्हेंबर २००० रोजी कर्करोगानं त्यांचं निधन झालं. थँक्सगिव्हिंगला अवघा आठवडा उरला होता. जुआनिटाही त्याच वर्षी गेल्या होत्या. तरीही पंगत मोडली नाही. कन्या एलिझाबेथ ओमिलामी यांनी आईवडिलांचं हे व्रत पुढं चालवलं.

ज्याला एकदा घोटभर पाणी नाकारलं गेलं, त्यानं आपल्या दारातून कुणालाही उपाशी जाऊ दिलं नाही. अपमानाचं याहून चांगलं उत्तर कोणतं?