‘पंक्चरवाल्या’चं गणित

आमच्या पोरांना ‘पंक्चरवाला’ म्हणून हिणवणाऱ्यांनी एकदा गॅरेजात येऊन बसावं. माझ्या भाच्याने शेतीपंपाच्या पेट्रोल इंजिनावर छोटी बाइक बनवली. इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला 3600. पुढचं चक्र 10 दात्यांचं, मागचं 60 दात्यांचं. म्हणजे चाक मिनिटाला 600 वेळा फिरणार. चाकाचा व्यास 12 इंच, तेव्हा वेग ताशी सुमारे 34 किलोमीटर. चढावर क्लच घसरून तापू लागला, तसं त्याने मागे 72 दात्यांचं चक्र बसवलं. वेग 29 वर आला, ओढ वाढली, क्लच वाचला. हे गणित नाही तर काय?

पण दोष आपलाही आहे. मोहल्ल्यात वाहवा होते ती गव्हर्नर काढून टाकणाऱ्याची. फेऱ्यांना आवर घालणारा हा भाग काढला की इंजिन बेफाम पळतं. कनेक्टिंग रॉड तुटतो, फ्लायव्हीलही फुटू शकतं. त्या पोराला आपण ‘शेर’ म्हणतो. दाते मोजणाऱ्याला मात्र दहावीनंतर आयटीआयचा फॉर्मही आणून देत नाही.

टोमणे मारणाऱ्यांना उत्तर देता येईल. फॉर्म न आणणाऱ्या आपल्याला जाब कोण विचारणार?