जुनी पद्मिनी, नवे रबर



काळ्या-पिवळ्या पद्मिनीने मुंबईतल्या कितीतरी कष्टकरी घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. 2023 च्या ऑक्टोबरात त्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. पण आपली घरची पद्मिनी जपणारे आजही आहेत. त्यांची अडचण एकच : पेट्रोलचे सुटे भाग कुठून आणायचे?

पहिली गोष्ट, अख्खा पंप किंवा कार्बोरेटर बदलण्याची घाई करू नका. धातूचा भाग बहुधा साफ करून पुन्हा चालतो. खराब होते ते रबर : पंपाचा डायफ्रॅम आणि पेट्रोलच्या नळ्या. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने जुने रबर फुगते, चिरते. डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालू करू नका.

कुर्ल्याच्या बाजारात जाताना जुना भाग सोबत न्या, मापाला माप लावून घ्या. वर्षानुवर्षे कपाटात पडलेले सीलबंद किट आम्हीही एकदा नवे म्हणून घेतले. आठ दिवसांत डायफ्रॅम चिरला, गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकले. आग थोडक्यात टळली! म्हणून रबर बोटांनी दुमडून पाहा, इथेनॉलला टिकेल का ते विचारा.

आणि मेस्त्री काम करतील तेव्हा मुलांना, मुलींनाही, शेजारी उभे करा. बाबासाहेबांनी शिका म्हटले; हाताचे हुन्नर हेही शिक्षणच.