रेस दिली की मशीन का दबतं?

पाऊस लागला की पॉवर विडर आणि ग्रासकटर हमखास दुकानात जाऊन बसतात. तक्रार एकच, रेस दिली की दबतंय. उत्तर पण एकच, कार्बोरेटर बदला. मला हे पटत नाही. दोघांचा कार्बोरेटर वेगळा, तर दुखणं एक कसं असेल?

विडरला फ्लोटवाला असतो, खाली पेट्रोलची वाटी. हंगाम संपल्यावर वाटीत राहिलेलं पेट्रोल उडतं, चिकट थर धरतो आणि स्लो जेटचं केसाएवढं भोक बुजतं. मग थ्रॉटल उघडला की हवा लगेच आत जाते, पेट्रोल मागं राहतं. इंजिन गुदमरतं ते इथं. जेट धुतला तरी बऱ्याचदा काम होतं. आणि लोड आल्यावर थ्रॉटल उघडायचं काम गव्हर्नरचं, त्याची स्प्रिंग निसटलेली असली तर नवा कार्बोरेटर काय करणार?

ग्रासकटरला बहुतेक डायफ्रामवाला. वाटीच नाही, म्हणून बांधावर कसाही तिरका धरा, चालतो. पण पडदा कडक झाला की रेस उचलत नाही. इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, त्यामुळं महिनोन्महिने टाकीत ठेवू नका. पडद्याचं किट वेगळं मिळतं, तेच मागा.

'एल' स्क्रू थोडा फिरवून बघायला हरकत नाही. 'एच' मात्र आवळत बसू नका. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलातूनच जातं. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी, आणि पिस्टन धरतो.